चिप परकी, जोडणी आपली

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मुहर्रक दाखवायला नेले होते. आपल्याकडे पाहुणे आले की दौरा ठरलेलाच असतो. बू माहिर किल्ल्यापाशी समुद्र पाहायचा, मग जुन्या मोती व्यापाऱ्यांच्या घरांमधून चालत सियादींच्या वाड्यापर्यंत जायचे आणि शेवटी बाजारात हलवा घ्यायचा. २०१२ साली युनेस्कोने या सगळ्या परिसराची जागतिक वारसा म्हणून नोंद केली, तेव्हापासून दाखवणाऱ्याचीही मान थोडी ताठ झाली आहे!

चालता चालता मी नेहमीची माहिती सांगत होतो. आखाती नावांचे सागवान मलबार किनाऱ्यावरून येत असे, काथ्याही तिकडचाच, आणि निघालेल्या मोत्यांची मोठी पेठ होती आपली मुंबई. सुटीसाठी घरी आलेली माझी मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, लाकूड भारतातलं, गिऱ्हाईक भारतातलं. मग नावेत बहरीनचं काय होतं?"

पाहुणे व्यवसायाने संगणक अभियंता. ते हसून म्हणाले, "तसं म्हटलं तर आमच्या परम महासंगणकात तरी पुण्याचं काय होतं? चिप तर इंग्लंडची होती."

परतताना गाडीत वाद रंगला. मुलीच्या पिढीला परम म्हणजे शाळेच्या सामान्यज्ञानातला एक गुण. माझ्या पिढीला ती छाती फुगवणारी बातमी. दोघांनाही परमच्या पेटीत नेमके काय होते हे नीट सांगता आले नाही. घरी आल्यावर मी जुनी टिपणे बाहेर काढली, आणि त्यातून हा लेख झाला. मंडळी, विषय थोडा यंत्राचा आहे, पण धीर धरा. तो आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांच्या एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोचतो.

नकाराची पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात महासंगणक म्हटले की एकच नाव डोळ्यांपुढे येई, अमेरिकेतील क्रे. भारताला असा संगणक हवा होता. मोसमी पावसाचा अंदाज, विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचे गणित, तेलसाठ्यांचा शोध, ही सगळी कामे कोट्यवधी आकडेमोडींची. पण हवामानाचे गणित करणारे यंत्र अण्वस्त्रांचे आणि क्षेपणास्त्रांचेही गणित करू शकते, म्हणून अमेरिकी सरकार ते विकायला नाखूष होते. भारताने क्रे एक्स-एमपी/२४ मागितला. मिळाला तो क्रे एक्स-एमपी/१४, तोही फक्त हवामानासाठी वापरायचा आणि देखरेखीखाली ठेवायचा, या अटींवर. नावातला पहिला आकडा प्रोसेसरांचा, दुसरा स्मृतीचा. म्हणजे मागितले होते दोन प्रोसेसरांचे यंत्र आणि पदरात पडले एका प्रोसेसरचे.

याच सुमारास आपले स्वतःचे यंत्र उभारायचे ठरले. मार्च १९८८ मध्ये पुण्यात 'प्रगत संगणन विकास केंद्र' म्हणजे सी-डॅक स्थापन झाले. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात. सूत्रे दिली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे. मुदत तीन वर्षे, खर्च सुमारे ३० कोटी रुपये, आणि लक्ष्य एक गिगाफ्लॉप. म्हणजे दशांश चिन्ह असलेल्या आकड्यांच्या बेरजा-गुणाकार, सेकंदाला शंभर कोटी.

या शर्यतीत सी-डॅक एकटे नव्हते हेही सांगायला हवे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' १९८६ मध्येच चालू झाला होता, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९९१ मध्ये 'अनुपम' उभा राहिला. एकाच नकाराला देशातून अनेक उत्तरे निघाली. पुण्याचे उत्तर सर्वांत जास्त गाजले, एवढेच.

एक पहिलवान की चौसष्ट गडी?

क्रेचा मार्ग होता पहिलवान घडवण्याचा. एक किंवा मोजकेच प्रोसेसर, पण विलक्षण वेगवान, खास त्यांच्यासाठी बनवलेले आणि खास यंत्रणेने थंड ठेवलेले. असा पहिलवान घडवायचा तर चिप बनवण्याचे सर्वोत्तम कारखाने हाताशी हवेत. ते आपल्याकडे नव्हते. म्हणून दुसरा मार्ग धरला. बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर घ्यायचे, त्यांचा जथा बांधायचा आणि काम वाटून द्यायचे. यालाच समांतर संगणन म्हणतात. 'परम' या नावात 'सर्वश्रेष्ठ' हा अर्थ तर आहेच, शिवाय 'पॅरलल मशीन'ची आद्याक्षरेही आहेत.

आता जथा बांधायचा म्हणजे नेमके काय? मोसमी पावसाचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या नकाशावर चौकटी आखा. कोकणाची चौकट एका प्रोसेसरला द्या, घाटमाथ्याची दुसऱ्याला, देशाची तिसऱ्याला. प्रत्येकाने आपापल्या चौकटीतले वारे, बाष्प आणि तापमान यांचे पुढच्या काही मिनिटांचे गणित करायचे. इथपर्यंत सोपे. पण कोकणातला ढग सह्याद्री चढून देशावर येतो, तेव्हा कोकणाच्या प्रोसेसरने घाटमाथ्याच्या प्रोसेसरला आपल्या सीमेवरचे आकडे कळवावे लागतात. तो निरोप पोचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि हे दर पावलाला, हजारो वेळा. निरोप उशिरा पोचला तर अतिवेगवान प्रोसेसरही हातावर हात धरून बसतो.

हा निरोप कसा द्यायचा याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत सर्व प्रोसेसरांसाठी एकच सामाईक स्मृती असते, वर्गातल्या फळ्यासारखी. प्रत्येकाने त्यावर लिहायचे आणि त्यावरूनच वाचायचे. चार मुले असतील तर ठीक, चौसष्ट असतील तर फळ्यापाशी रेटारेटी होते. दुसऱ्या रीतीत प्रत्येकाला स्वतःची वही, आणि शेजाऱ्याला काही कळवायचे तर चिठ्ठी पाठवायची. रेटारेटी टळते, पण चिठ्ठ्या नेणारी व्यवस्था चोख लागते. परमने ही दुसरी रीत निवडली. आजचे बहुतेक सर्व मोठे महासंगणक पाहिले, तर नोड्सच्या पातळीवर त्यांचीही रीत हीच आहे.

इथे मला मुहर्रकची मोत्यांची नाव आठवते. बुडी मारणारा गव्वास समुद्रतळाशी शिंपले गोळा करी. श्वास संपत आला की दोराला हिसका देई, आणि वर उभा असलेला सैब त्याला ओढून घेई. गव्वास कितीही पटाईत असला तरी दोर आणि सैब यांच्याशिवाय त्याच्या कौशल्याला किंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाखव्याच्या नजरेखाली सगळ्यांचे शिंपले एकत्र उघडत. या कामाला घाई चालत नसे. नावेवर गव्वास दुप्पट घेतले म्हणून सकाळचे हे काम निम्म्या वेळात होत नसे.

संगणकशास्त्रात याच गोष्टीचा नियम आहे. जीन अॅमडाल यांनी तो १९६७ मध्ये मांडला. एखाद्या कामाचा दहावा हिस्सा जरी वाटून देता येण्याजोगा नसेल, तरी चौसष्ट प्रोसेसर लावून वेग चौसष्ट पट होत नाही. तो जेमतेम पावणेनऊ पट होतो. न वाटता येणारा भाग एक टक्क्यावर आणला तर तो ३९ पटींवर जातो. म्हणजे चौसष्ट गडी विकत घेणे हा कामाचा लहान भाग. गणित असे मांडायचे की कोणीही रिकामा बसू नये, हा मोठा.

चौसष्ट ट्रान्सप्यूटर

सी-डॅकने निवडलेली चिप म्हणजे ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्यूटर. ही चिप त्या काळात अनोखी होती. तिच्यात आकडेमोड करणारा भाग होता, थोडी स्मृती होती, आणि शिवाय शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. प्रत्येक दुव्याचा वेग सेकंदाला २ कोटी बिट. जणू चार हातांचा गडी! दोन हात शेजाऱ्यांना, दोन पुढच्या-मागच्यांना दिले की जाळे तयार. एकेका चिपची ताकद मात्र बेताची, सेकंदाला सुमारे १५ लाख क्रिया. क्रेच्या पहिलवानापुढे ती अगदीच किरकोळ.

परमच्या घडणीत पुण्याचे काम इथून सुरू होते. चार हातांच्या गड्यांना कसे उभे करायचे? एका ओळीत उभे केले तर पहिल्याचा निरोप शेवटच्याला पोचेपर्यंत त्रेसष्ट हातांतून जाईल. चौकोनी जाळ्यात वाट कमी होते. काही गणितांना झाडासारखी रचना सोयीची, काहींना जाळ्यासारखी. म्हणून परम ८००० मध्ये जोडणी बदलता येईल अशी योजना केली. चिपा जागच्या जागी ठेवून त्यांच्यातल्या वाटा नव्याने आखता येत. त्यावर 'पारस' नावाची प्रणाली लिहिली, जेणेकरून शास्त्रज्ञाला प्रत्येक चिठ्ठीचा मार्ग स्वतः ठरवत बसावे लागू नये.

१९९० मध्ये नमुना यंत्र झुरिकच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि १९९१ मध्ये चौसष्ट नोडचा परम ८००० जाहीर झाला. पुढे ही यंत्रे रशिया, जर्मनी आणि ब्रिटनलाही गेली. ट्रान्सप्यूटर ब्रिटनचा, आणि त्याची जोडणी करून पुणे ते यंत्र ब्रिटनलाच पाठवते, यातली गंमत आमच्या पाहुण्यांना गाडीत आठवली असती तर त्यांनी स्वतःच स्वतःला उत्तर दिले असते.

अभिमानाच्या भरात एक खुलासा विसरू नये. समांतर यंत्राचा जाहीर होणारा वेग म्हणजे सगळे प्रोसेसर एका क्षणीही न थांबता राबले तरचा वेग. प्रत्यक्ष गणितात त्याचा काही हिस्साच हाती लागतो, तो किती हे गणितावर आणि निरोपांवर अवलंबून. हे त्या काळच्या जगातल्या सर्वच समांतर यंत्रांना लागू होते. परमही त्याला अपवाद नव्हता.

पायाखालची चिप निसटते

यानंतरची हकिगत वर्तमानपत्रांत कमी आली, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. इनमॉस कंपनी १९८९ मध्येच एसजीएस-थॉमसनकडे गेली होती. ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी, टी-९०००, रखडली आणि हळूहळू ही सारी जातच अस्तंगत झाली. ज्या चिपेवर परम उभा होता ती चिपच बाजारातून जाऊ लागली. परमचे वेगळेपण फक्त चिपेत असते, तर गोष्ट इथेच संपली असती.

पण ती पुढे सरकली. १९९२च्या परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० प्रोसेसर आला. आकडेमोड त्याने करायची आणि ट्रान्सप्यूटरने निरोप्याचे काम सांभाळायचे, अशी वाटणी झाली. १९९४च्या परम ९००० मध्ये सनचे सुपरस्पार्क प्रोसेसर आले, आणि रचना मुद्दाम अशी ठेवली की उद्या दुसरा प्रोसेसर आला तर तो बसवता यावा. तीन यंत्रांत तीन जातींचे प्रोसेसर! चिप बदलत गेली, पण कामाची वाटणी, निरोपांची व्यवस्था आणि हे सगळे जाणणारी माणसे टिकली.

सी-डॅकची आपल्याला झालेली दुसरी ओळख म्हणजे देवनागरी. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे सी-डॅकमध्ये वाढले. परदेशातल्या किती मंडळांचे अंक त्यामुळे हाताने लिहिण्यातून सुटले, ते जुन्या संपादकांनाच विचारावे.

बाजारातले संगणक, घरचे जोडजाळे

१९९४ मध्येच अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे सोळा साधे संगणक नेहमीच्या इथरनेटने जोडले, त्यावर लिनक्स घातले आणि नाव दिले 'बिओवुल्फ'. दुकानात मिळणाऱ्या संगणकांचाही जथा बांधता येतो हे सिद्ध झाले. त्याच वर्षी निरोपांच्या देवाणघेवाणीची सर्वमान्य पद्धत, एमपीआय, ठरली. आता एका यंत्रासाठी लिहिलेले गणित दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागले. आज ज्याला 'क्लस्टर' म्हणतात तो असा रूढ झाला.

परम १०००० हा १९९८चा महासंगणक याच वाटेवरचा. त्याचा प्रत्येक नोड म्हणजे सन कंपनीचा बाजारात मिळणारा सर्व्हर, त्यात ४०० मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर. असे १६० प्रोसेसर जोडले की १०० गिगाफ्लॉप. सर्व्हर विकतचे, आणि त्यांना जोडणारे 'परमनेट' पुण्याचे. २००३च्या परम पद्मने आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर आणि परमनेट-२ यांच्या जोरावर एक टेराफ्लॉपची सीमा ओलांडली. जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत तो जून २००३ मध्ये १७१वा होता.

मग आला नोव्हेंबर २००७. पुण्यातल्याच टाटा समूहाच्या सीआरएल या संस्थेचा 'एका' त्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर बसला, ११७.९ टेराफ्लॉप. त्यातही सर्व्हर एचपीचे, प्रोसेसर इंटेलचे, जोडणी इन्फिनिबँडची. सगळा माल बाजारातला. पण कपाटे जवळजवळ वर्तुळाकार मांडली होती, जेणेकरून तारा आखूड राहाव्यात. तार लांबली की निरोप लांबतो, ही तीच जुनी चिंता. त्यातल्या एका दुव्याचा सांकेतिक वेग होता सेकंदाला २० अब्ज बिट, ट्रान्सप्यूटरच्या दुव्याच्या हजार पट, आणि हे सोळा वर्षांत!

क्लस्टरची सगळी अंगे ओळखायची तर आपल्या गणेशोत्सवातली महाप्रसादाची पंगत डोळ्यांपुढे आणा. पानावर वाढणारे स्वयंसेवक म्हणजे नोड. त्यांना स्वयंपाकघराशी आणि एकमेकांशी जोडणारी ये-जा म्हणजे जोडजाळे. कोठीघर म्हणजे सामाईक डिस्कसाठा. कोणत्या पंगतीला कोण बसणार हे ठरवणारे वहीवाले काका म्हणजे कामांची रांग लावणारी प्रणाली. दारावर स्वागत करणारा म्हणजे लॉगिन नोड. येणारा प्रत्येकजण त्यालाच भेटतो, आत मुदपाकखान्यात शिरत नाही. आणि पंखा! हॉलमधला एसी बंद पडला की काय होते ते आपल्याला ऑगस्टमध्ये वेगळे सांगायला नको. महासंगणक जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सारी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. म्हणून थंड ठेवण्याची यंत्रणा हे त्याचे शोभेचे अंग नसून मूळ घटक आहे.

आणि आपल्या बेटावर

जुलै २०१९ मध्ये अॅमेझॉनने आखाती प्रदेशातला आपला पहिला क्लाउड विभाग बहरीनमध्ये सुरू केला, एकमेकांपासून स्वतंत्र अशा तीन केंद्रांचा. आपल्यातल्या कित्येकांचे बँकांतले आणि कार्यालयांतले काम तेव्हापासून क्लाउडशी जोडले गेले. माझ्या मुलीने विचारले, "हजारो सर्व्हर एकत्र, मग तोही महासंगणकच ना?" नाही म्हटले तरी चालेल, हो म्हटले तरी चालेल! क्लाउडमधले बहुतेक सर्व्हर चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे असतात. छप्पर एक, पण ज्याचा त्याचा संसार वेगळा. महासंगणकातले सर्व्हर एकाच नावेवर असतात. तेच सर्व्हर वेगवान जोडजाळ्याने बांधून एकाच गणिताला जुंपले तर क्लाउडमध्येही क्लस्टर उभा राहतो. फरक पुन्हा दोराचा.

आणि पुण्यात? २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान हाती घेतले. २०१९ मध्ये वाराणसीला परम शिवाय बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' नावाची तीन यंत्रे राष्ट्राला अर्पण झाली. त्यांतले एक नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी. ही दुर्बीणही मुळात एक जथाच, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून एक डोळा. 'रुद्र' सर्व्हरची रचना देशातली आहे, 'त्रिनेत्र' नावाचे जोडजाळे सी-डॅकने विकसित केले आहे. आतला प्रोसेसर अजून बाहेरचा आहे. हे मान्य करताना कमीपणा वाटायला नको, आणि ते लपवायलाही नको. नकार देणाऱ्याच्या हातात आजही काही किल्ल्या आहेत, हा त्याचा अर्थ. ते काम अपुरे आहे.

तर मग, परममध्ये पुण्याचे काय होते? मुलीला मी दिलेले उत्तर साधे आहे. चिप ब्रिस्टलची होती, नंतर कॅलिफोर्नियाची झाली. चौसष्ट अनोळखी गड्यांनी एकच गणित कसे सोडवायचे, ती समज पुण्यात तयार झाली. ती विकत मिळत नव्हती, आणि निर्यातबंदी घालून कुणाला ती अडवताही येत नव्हती. मुहर्रकच्या नावेतही सागवान मलबारचे असले तरी कोणता गव्वास कुठे उतरेल आणि दोर कधी ओढायचा ही जाण इथलीच होती.

यावर ती म्हणाली, "मग आपलं मंडळही तसंच की, बाबा! हॉल भाड्याचा, तांदूळ पाकिस्तानी, मूर्ती पेणची, आणि ढोल वाजवणारे निम्मे केरळचे." पाहुणे मनापासून हसले. मी मात्र गप्प बसलो, कारण ती बरोबर बोलत होती.

१९९०च्या दशकात परमवर गणिते चालवलेली काही मंडळी आज आखातात आहेत, असे कानावर येते. त्यांनी आपल्या आठवणी या अंकासाठी जरूर लिहून पाठवाव्यात. त्या काळी कोणता निरोप कुठे अडकला, रात्र रात्र जागून तो कसा सोडवला, हे छापील अहवालांत सापडत नाही. ते ज्यांनी केले त्यांनीच सांगायला हवे.